बारा मिनिटं

सायकल भाड्यानं देणाऱ्या माणसानं कुणावर विश्वास ठेवू नये, हे मला वडिलांनी शिकवलं आणि धंद्यानं पटवून दिलं. सोलापुरात विजापूर वेशीजवळ माझ्या अकरा सायकली होत्या. गिऱ्हाईक 'तासाभरात येतो' म्हणालं की मी आधी त्याच्या चपला बघायचो, आणि सायकल परत आली की टायर. टायरला लागलेल्या मातीवरून कोण कुठं जाऊन आला ते मी ओळखत असे. बायको म्हणायची, सगळ्या गावाचं पंक्चर काढता, तुमच्या डोक्यातलं काही निघत नाही.

समोरच रहिमतुल्ला घड्याळजीचं दुकान. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, एक स्टूल आणि डोळ्याला लावायचं भिंग. माणूस उर्दू चौथीपर्यंत शिकलेला, पन्नाशीला टेकलेला, कामापुरतं बोलणारा. गल्लीतल्या मशिदीचं घड्याळ त्याच्या ताब्यात होतं. रोज चावी द्यायची आणि गिरणीच्या भोंग्याशी मेळ घालायचा. मशिदीच्या भिंतीवर नमाजाच्या आणि रोजाच्या वेळांचा एक छापील तक्ता होता, तोही १९६१ साली यानंच मुंबईहून आणून, काचेची चौकट करून लावलेला. रमजानात पहाटे खाणं कधी थांबवायचं आणि संध्याकाळी रोजा कधी सोडायचा, हे अख्खी गल्ली त्या तक्त्यावरून ठरवायची. मुंबईचा छापील तक्ता म्हटल्यावर शंका कोण घेणार?

शंका घेतली ती त्याच्या बायकोनं. १९७३ चा रमजान होता. संध्याकाळी खजूर आणि पाणी मांडून घरचे सगळे धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, बसले होते. सूर्य डोळ्यांदेखत बुडाला आणि तक्त्याप्रमाणे अजून वेळ बाकी होता. मग आपण कशासाठी थांबलोय, असं मदिनाबीनं विचारलं. तक्त्यात थोडी सावधगिरी ठेवली असेल, असं सांगून रहिमतुल्लानं तिला गप्प केलं, पण स्वतः गप्प होऊ शकला नाही. त्याच आठवड्यात शुक्रवारी, जुम्म्याच्या बयानात, नमाज पढवणाऱ्या पेशइमामांनी सांगितलं होतं की इल्म म्हणजे ज्ञान मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे, तीही अल्लाकडं जायची वाट आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. यानं ते खरंच मनावर घेतलं.

हे सारं मला फार उशिरा कळलं. त्या वेळी मला दिसत होतं ते एवढंच, की हा गृहस्थ रोज संध्याकाळी एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात वही घेऊन धाब्यावर उभा असतो, पश्चिमेकडं टक लावून बघतो आणि काहीतरी लिहितो. पश्चिमेला तीन घरं सोडून नवे भाडेकरू आले होते आणि त्यांच्या घरात तरणी सून होती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यापासून तो दर गुरुवारी माझ्याकडून दोन तासांसाठी सायकल न्यायला लागला. परत आली की टायरला कंबर तलावापलीकडची काळी माती. कुठं जाता, असं मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणाला, शिकायला जातो. पन्नाशीचा माणूस शिकायला जातो! मी वरवर मान हलवली आणि आत पक्कं ठरवलं की इथं पाणी मुरतंय.

कधी माझ्या दुकानाची पायरी न चढलेली मदिनाबी एके दिवशी आली आणि नवरा कुठं जातो ते विचारू लागली. मी मातीपासून सगळं सांगितलं, वर दोन गोष्टी अंदाजानं जोडल्या. तिचा चेहरा उतरला आणि त्या दिवसापासून तिनं नवऱ्याशी बोलणं टाकलं. आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला आपण हुशार असल्याचं समाधान वाटलं.

पुढच्या गुरुवारी मी दुसरी सायकल काढली आणि त्याच्या मागावर गेलो. घर निघालं हिंदुराव मोजणीदाराचं. जमिनी मोजण्यात नोकरी घालवलेला म्हातारा, आता पेन्शनीत. खिडकीतून बघितलं तर बाईबिई काही नाही, टेबलावर मोठा नकाशा पसरलेला आणि दोघं त्यावर वाकून बोटानं काहीतरी मोजताहेत. माझी निराशा झाली. पण घरी येईपर्यंत नवा संशय तयार होता: घड्याळजीला नकाशा कशाला हवा?

मशिदीत निराळीच कुजबुज चालू होती. मुतवल्ली मौलासाब, म्हणजे मशिदीचा कारभार बघणारे, चादरींचे व्यापारी होते. रहिमतुल्ला सूर्याचे आकडे मांडतो आणि एका हिंदूकडं शिकायला जातो, हे त्यांच्या कानावर गेलं. हा ज्योतिष शिकतोय, याचं ईमान गेलं, असं त्यांनी ठरवलं. मला विचारलं तेव्हा मी 'असेलही' म्हणालो. माझ्यासारख्याचं 'असेलही' हे 'आहेच' पेक्षा वाईट.

जूनमध्ये आणीबाणी आली आणि बाजार हळू आवाजात बोलायला लागला. ऑगस्ट सरता सरता साध्या कपड्यांतला एक पोलीस माझ्या बाकावर येऊन बसला. धाब्यावर घड्याळ घेऊन उभा राहतो तो कोण, असं त्यानं विचारलं. मी सगळं ओकलो. वही सांगितली, गुरुवार सांगितले, खिडकीतला नकाशाही सांगितला. नकाशा म्हटल्यावर तो पोलीस सरळ बसला.

दुसऱ्या दिवशी रहिमतुल्लाला चौकीत नेलं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभं ठेवलं आणि सोडून दिलं. वही मात्र ठेवून घेतली. रमजान आठवड्यावर आला होता.

त्याच संध्याकाळी, पायाला गोळे आलेले असताना, तो मशिदीच्या अंगणात जमातीपुढं उभा राहिला. त्याला हवं होतं ते एकच: या रमजानाआधी तो तक्ता भिंतीवरून उतरावा. हिंदुरावाकडून शिकलेलं त्यानं सांगितलं. रेडिओची वेळ सगळ्या देशाला एक असली तरी सूर्य काही रेडिओ ऐकत नाही. तो सोलापूरला आधी येतो आणि मुंबईला नंतर पोचतो. मधे तीन अंशांचं अंतर, म्हणजे बारा मिनिटं. संध्याकाळी बारा मिनिटं उशिरा रोजा सोडला तर तो बिघडत नाही. पण जो तक्ता संध्याकाळी बारा मिनिटं मागं, तो पहाटेही बारा मिनिटं मागंच असणार. म्हणजे रात्र संपून दिवस लागल्यावरही अख्खी गल्ली जेवत होती, आणि असे चौदा रमजानांचे रोजे बिघडत आले होते. तक्ता मी लावला, चूक माझी, असं तो शेवटी म्हणाला.

मौलासाबांनी पुरावा मागितला. दोन वर्षांचा पुरावा चौकीत पडला होता. पोलिसांनी नेलेल्या माणसाच्या तोंडावर जमातीनं आपले रोजे बदलायचे का, असं मौलासाब म्हणाले आणि त्यांनी मशिदीच्या घड्याळाची चावी त्याच्याकडून मागून घेतली.

त्या रात्री गल्लीभर हीच चर्चा होती. मी अंथरुणावर पडून त्याच्या बोलण्यात खोट शोधत राहिलो, कारण तो माझा स्वभाव. माणूस खोटं बोलतो ते स्वतःला सोडवायला. स्वतःच्या मानेवर चौदा वर्षांचा दोष घ्यायला कोण खोटं बोलेल? मी उलटंसुलटं करून पाहिलं, पण खोट सापडेना. आयुष्यात पहिल्यांदाच मला संशय घ्यायला जागा मिळाली नाही आणि मी घाबरलो.

सकाळी त्याच्या दुकानी गेलो. तो एक मनगटी घड्याळ उघडून बसला होता.

"रहिमभाई, चौकीवर मीच सांगितलं," मी म्हणालो.

त्यानं भिंग काढलं नाही. "ठावं हाय, अण्णा. नकाशाचं इचारलं त्यांनी. त्या गुरवारी तुमची सायकल भाईर उभी व्हती."

"मग मला बोलला का न्हाई?"

"तुमाला ठावं न्हवतं. मला तरी चौदा वर्सं कुटं ठावं व्हतं? न कळता केलं त्येला माफी हाय." मग त्यानं वर बघितलं. "आता कळलंय की तुमाला."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी तसाच दुकानाला कुलूप लावून चौकीवर गेलो. त्या दिवसांत चौकीची पायरी आपण होऊन कुणी चढत नसे. साहेबानं मला आपादमस्तक न्याहाळलं, अगदी मी गिऱ्हाइकाला न्याहाळतो तसं. तुझा याच्याशी संबंध काय, तुला पाठवलं कुणी? मी सांगितलं की मी दिलेली खबर मूर्खपणाची होती, वहीत सूर्य बुडायच्या वेळा आहेत, कुणाकडून तरी वाचून घ्या. उर्दू येणाऱ्या शिपायाला बोलावलं. तो वाचू लागला: तारीख, वेळ, ढग. तारीख, वेळ, साफ. तारीख, वेळ, ढग. दोन पानांतच साहेब कंटाळला. वही माझ्या अंगावर टाकली आणि माझं नाव, पत्ता लिहून घेतला. पुढं आणीबाणी उठेपर्यंत शिपाई दुकानावरून गेला की मी पंक्चरच्या घमेल्यात मान घालून बसायचो.

वही मी पेशइमामांच्या हाती दिली. त्यांनी मौलासाबांना गाठलं आणि म्हणाले की बघायला काय हरकत आहे, सूर्य काही कुणाच्या बाजूचा नाही. तीन सप्टेंबरच्या संध्याकाळी रहिमतुल्लाच्या धाब्यावर ते दोघं, गल्लीतले तीन म्हातारे आणि मी असे जमलो. मागच्या वर्षीच्या त्याच तारखेपुढं वहीत लिहिलं होतं: सहा छत्तीस, साफ. तक्ता म्हणत होता सहा अठ्ठेचाळीस. रहिमतुल्लाच्या घड्याळावर भरवसा नको म्हणून मौलासाबांनी स्वतःचं घड्याळ रेडिओवर लावून आणलं होतं. माझा दोघांवरही नव्हता, म्हणून माझं मी खिशात आणलं होतं.

सूर्याची शेवटची कड गेली तेव्हा मौलासाबांच्या घड्याळात सहा छत्तीस झाले होते. माझ्याही. तक्त्याची वेळ होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग मौलासाब खाली बसले. त्यांच्या आईनं आजारपणातही शेवटचे सगळे रोजे धरले होते, पहाटे त्यांनी स्वतः तक्ता बघून तिला रोजाआधीचा शेवटचा घोट पाजला होता. ते म्हातारे गृहस्थ आमच्यासमोर रडले. न कळत झालं त्याचा गुन्हा कुणावर नाही, जे गेले ते अल्लाच्या मेहरबानीवर, आणि ज्यांना झेपेल त्यांनी रोजे भरून काढावेत, असं पेशइमामांनी सांगितलं. मौलासाबांनी खिशातून घड्याळाची चावी काढून रहिमतुल्लाच्या हातात ठेवली. तक्ता त्याच रात्री उतरला.

मदिनाबीनं नवऱ्याशी पुन्हा बोलणं सुरू केलं आणि माझ्याशी टाकलं. बरोबरच केलं.

रमजान झाल्यावर रहिमतुल्ला आपले चौदा महिन्यांचे रोजे भरायला लागला. चारशेवीस. आठवड्यातून दोन, कधी तीन. पेशइमामांनी त्याला सांगितलं की वय झालंय, अंगावर एवढं घेऊ नका. तो म्हणाला, बाकीच्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला होता, मी तर कुणाला काही विचारलंच नव्हतं.

सोलापूरचा एप्रिल-मे ज्यानं पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. त्याच्या कपाटाशेजारी गिऱ्हाइकांसाठी माठ असायचा आणि मागं एक पडदा होता. एवढ्या उन्हात हा पडद्याआड जाऊन घोटभर पाणी पीत असणार, असं मला वाटायचं. स्वभावाला औषध नाही. मी समोरून लक्ष ठेवलं. ७९ च्या पावसाळ्यात त्याचे रोजे संपले. चौकीतली साक्ष मी कुणी विचारलं म्हणून दिली होती. ही कुणी विचारली नाही, तरी देतो: पावणेचार वर्षं मी त्या माणसावर पाळत ठेवली, आणि रोजाच्या दिवशी तो एकदाही पाणी प्यायला नाही.