खांबामागून दिसलेली रांगोळी

सरू गेली त्या सकाळी ती माझ्याशी शेवटचं बोलली ते दोनच शब्द. "पाय उचला." तिनं दारात रांगोळी काढली होती, मी देवळाकडं निघालो होतो आणि माझा पाय नेहमीसारखा काठावर पडणार होता. उचलला. तासाभरानं समोरच्या कुलकर्णीबाई देवळाच्या पायरीशी आल्या, पायात चप्पल नव्हती. "तात्या, वर चला," एवढंच म्हणाल्या. लिफ्टची वाट न बघता दोन जिने चढलो, पण माझी बायको माझ्यासाठी थांबली नव्हती... तिला खाली नेताना माणसांच्या पायाखाली ती रांगोळी विस्कटली. सव्वा महिना झाला त्याला.

वाघोलीत आमच्या रानावर आता बिल्डिंग आहे आणि तिच्यातच आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. अंगण गेलं तेव्हा मी महिनाभर कुणाशी धड बोललो नाही. सरूनं मात्र दाराबाहेरच्या चार फरश्यांनाच अंगण मानलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिथं रांगोळीला बसायला लागली. गेल्या हिवाळ्यात आमच्या नंदानं, लेकीनं, कॅनडाची तिकिटं पाठवली. दोघांचंही पहिलंच विमान. सरू खिडकीशी बसून खालच्या ढगांकडं बघत होती. "अहो, कुणी एवढा कापूस पिंजून ठेवलाय बघा तरी." मी बघितलं नाही. मला भीती वाटत होती आणि ती तिला कळू द्यायची नव्हती.

निघताना मी बजावलं होतं, रांगोळीचा डबा न्यायचा नाही. तिनं तो लुगड्याच्या घडीत लपवला. तिकडं उतरल्यावर तपासणीत नेमका तोच निघाला. डबाभर पांढरी पूड! अधिकारी पगडीवाला होता. त्यानं मला हिंदीत विचारलं, "बाबाजी, ये आपके साथ हैं?" माझं ऐकलं नाही, चारचौघांत शोभा केली, हा राग डोक्यात. त्यात मी चौथी शिकलेला माणूस, परमुलखात चोरासारखा उभा... मी मान हलवली. नाही म्हणून. आणि बॅगांची गाडी ढकलत पुढं निघून गेलो.

फार पुढं नाही. एका जाड खांबामागं थांबलो. तिथून सगळं दिसत होतं. सरूला हिंदी येत नव्हती. तिनं आधी हातवारे करून बघितले, मग पदर खोचला, त्या आरशासारख्या फरशीवर उकिडवी बसली आणि डब्यातली चिमूट घेऊन कासव काढायला लागली. एकेक रेघ उमटत गेली तशी माणसं थांबत गेली. तो अधिकारीही वाकून बघायला लागला. कासव पुरं झालं तेव्हा त्यानं हसून हात जोडले आणि डबा परत दिला. सरूनं पदरानं फरशी पुसली, माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "चला." बाहेर नंदानं विचारलं, "तात्या, आईला एकटीला का सोडलंत?" मी काही बोलायच्या आत सरूच म्हणाली, "ह्यांना मीच पुढं धाडलं, बॅगांपाशी."

तिकडचे दिवस मला आता झोपेत बघितल्यासारखे आठवतात. कशाचाच आवाज नाही. झाडं, गाड्या, घरांची छपरं सगळी दुधात बुडवून ठेवलेली. सरू लुगड्यावर नंदाचा ढगळ कोट चढवून सकाळी पायरीवर बसायची. पांढऱ्यावर पांढरं, दिसणार काय? मग ती बोटानं बर्फात रेघ ओढायची आणि तिच्यात चिमूट सोडत जायची. दुपारपर्यंत नवा बर्फ सगळं झाकून टाकायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट, पुन्हा चिमूट... मी काचेआडून बघत राहायचो. एकदा न राहवून बाहेर गेलो. "दिसत नाही, तर काढतीस कशाला?"

तिनं मान वर केली नाही. "तुम्ही तरी त्या खांबामागं कुठं दिसत होता? पण होता ना!"

'चुकलं माझं' एवढं तोंडात आलं होतं. थंडीनं ओठ वळेनात, असं मी मनाशी म्हटलं. इकडं परत आल्यावर काही थंडी नव्हती. तरी वळले नाहीत.

तो डबा अजून दाराशी कोनाड्यात आहे. तळाशी तिकडची उरलेली रांगोळी, बर्फाचं पाणी लागून गोळे झालेली. तेरा दिवस दार तसंच होतं, पुढंही तसंच राहिलं. परवा सकाळी मी ते गोळे चुरले आणि दारात बसलो. गुडघे वाकेनात, चिमूट सरळ पडेना. कसंबसं कासव झालं. तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

"काय हो तात्या, कासवाला पाच पाय?" कुलकर्णीबाई पुढं येत म्हणाल्या. "ही कुणाची म्हणायची?"

नंदा येऊन गेली, असं सांगणार होतो. मान आपोआप हलायला निघाली होती... तशीच थांबवली.

"माझी हाय," म्हटलं. "पाय उचला."