मालकालाही न जुमानणारा पहारा

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेलच. पण रक्ततपासणीच्या त्या केंद्रात शिपायापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे त्यांना अडसरकाका म्हणत, आणि काकांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. दाराला अडसर नको तर काय झालर हवी?

कॉम्प्युटर यायच्या आधी ते तिथेच भांडारात होते. मालकांनी स्वतः कापसाचा गुंडा मागितला तरी "चिठ्ठी आणा" म्हणायचे. पुढे भांडाराच्या किल्ल्या गेल्या आणि सर्व्हरची खोली हाताखाली आली, पण माणूस तोच राहिला. घरी त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या तेव्हा काकू म्हणाल्या, "मीठ कुठलं नि साखर कुठली हे मला अंधारातही कळतं. तुमच्या चिठ्ठ्यांवर माझा संसार चाललेला नाही." काकांनी चिठ्ठ्या काढल्या नाहीत, काकूंनी वाचल्या नाहीत. संसार चालायचा तसा चालला.

केंद्रात अहवाल पाठवणारा एक प्रोग्रॅम होता. तपासणीचे आकडे उचलायचे, केंद्राच्या नावाच्या कागदावर बसवायचे, छापायचे आणि पेशंटला मेल करायचे, एवढंच त्याचं काम. पण तो चालायचा सर्वाधिकार घेऊन. कुठल्याही फोल्डरात शिरावं, काहीही उचलावं, विचारणारं कोणी नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. एकदा त्याने एका आजीबाईंना साखरेच्या अहवालासोबत एक कविताही पाठवून दिली. आजीबाईंचा फोन आला, "साखर बरी आहे हो माझी. पण 'तुझ्या पापण्यांच्या सावलीत' हे कोणी लिहिलंय? डॉक्टरांनी का?"

लिहिलं होतं मालकांच्या जावयाने, बायकोसाठी. जावईबापू केंद्राचे व्यवस्थापक होते. सगळे आठवडाभर तोंडाला रुमाल लावून हसले. काका मात्र हसले नाहीत. आज कविता गेली, उद्या एखाद्या मुलीचा अहवाल तिच्या शेजाऱ्याला गेला तर? माणसाच्या रक्तात काय आहे ते देवाला ठाऊक असावं, डॉक्टरला असावं आणि त्याला स्वतःला. चौथ्याचं तिथे काय काम?

मालकांनी "करा काय ते" म्हटलं, आणि काका सर्व्हरमधल्या सगळ्या फाइलींवर पहारा बसवायच्या कामाला लागले.

या पहाऱ्याची रीत अशी. प्रत्येक फाइलला आणि प्रत्येक प्रोग्रॅमला एक लेबल असतं. कोणत्या लेबलाने कोणत्या लेबलाला हात लावायचा हे नियमात लिहायचं; जे लिहिलेलं नाही ते बंद. आणि खरी मेख पुढे आहे. हा नियम फाइलीच्या मालकाने "असू दे, घे" म्हटलं तरी ऐकत नाही. पासवर्ड कितीही मोठा असो, नियमात नाही तर नाही. काकांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांना देवदर्शन झाल्यासारखं वाटलं. जन्मभर ते एकटे जे करत आले होते, ते करणारं कोणीतरी भेटलं होतं.

आधी त्यांनी पहारा नुसता नोंद घेण्यापुरता ठेवला. अडवायचं नाही, फक्त कोण कुठे जातो ते लिहून ठेवायचं. त्या नोंदी वाचताना काकांना प्रोग्रॅमची कुंडलीच सापडली. स्वारी रोज सकाळी उठल्याबरोबर कर्मचाऱ्यांच्या रजेच्या अर्जांत डोकावून यायची. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. काकांनी लागेल तेवढं एकेक ओळीने मोकळं केलं आणि बाकीचं बंद. नोंदींत जे जे अडलेलं दिसेल त्या सगळ्याला सरसकट परवानगी लिहून देणारी एक आज्ञाही मिळते. काका तिच्याकडे ढुंकून बघत नसत. "मग पहारेकरी कशाला? बुजगावणं उभं करा, पगार तरी वाचेल."

शेवटी एका सोमवारी पहारा खरोखरचा चालू झाला. सकाळी सगळं सुरळीत होतं. काकांनी मनात देवाचं नाव घेतलं आणि खुर्चीला पाठ टेकली. ती टेकते न टेकते तोच प्रिंटर गप्प झाला.

बाहेर बाकांवर उपाशीपोटी रक्त देऊन गेलेली माणसं अहवालाला आली होती आणि बोलणं वाढत चाललं होतं. जावईबापू तणतणत आत आले. "काका, ते तुमचं जे काय आहे ना, ते बंद करा आधी!"

"बघतो. कारण सापडू द्या."

"कारण तुम्हीच आहात! काल सगळं चालत होतं."

मागून मालक आले, हातात चहाचा कप. मालक मऊ माणूस. त्यातून जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याच्यासमोर त्यांचा आवाज आणखीच खाली जाई. त्यांनी जावयाकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि तोडगा काढला. "माझा हा चहा संपेपर्यंत चालू झालं तर ठेवू. नाहीतर काढून टाका, कायमचं."

मालक चहा बशीत ओतून पीत. काकांनी कधी नव्हे ते देवाचे आभार मानले, की चहा गरम होता.

नोंदीत साफ लिहिलेलं होतं: प्रोग्रॅमला केंद्राच्या नावाचा कागद वाचताना अडवलं. पण तो वाचायची मुभा तर काकांनी स्वतः दिली होती! आपल्याच नियमात चूक राहिली असेल म्हणून त्यांनी ओळ न् ओळ पुन्हा वाचली. चूक सापडेना. मालकांनी दुसऱ्यांदा बशी भरली.

हात त्या सरसकट परवानगीच्या आज्ञेकडे गेला. खोटं कशाला बोला, अर्धी टाइपसुद्धा झाली. सगळे खूश झाले असते. पहारा चालू असल्याची पाटी राहिली असती, आणि आत जत्रा. मग त्यांची नजर फाइलीच्या लेबलावर पडली. त्यावर केंद्राचं लेबल नव्हतंच. 'माणसाच्या खाजगी फोल्डरातलं' असं होतं.

"हा कागद कोणी बदलला?"

"मी," जावईबापू म्हणाले. "नवीन डिझाइन केलंय. सकाळी ठेवलं."

"कॉपी करून ठेवलं, की तुमच्या फोल्डरातून उचलून?"

"उचलून. त्याने काय होतंय? फाइल तीच ना!"

"फाइल तीच. पण कॉपी केली की ती नव्या घरचं लेबल घेते. उचलून आणली की माहेरचंच लावून येते. दारावर विचारतात, तुम्ही कोण? ती सांगते, मी जावईबापूंच्या खोलीतली. मग आत कोण घेणार?"

"मग माझ्या फोल्डरला परवानगी द्या ना! एवढं काय त्यात?"

"दिली असती," काका म्हणाले, "पण तुम्ही कविता करता."

मालकांना ठसका लागला. काकांनी फाइलीला तिच्या जागेचं लेबल परत लावलं. एका ओळीचं काम. नियमातलं अक्षरही हललं नाही, आणि प्रिंटर खडखडत सुटला.

मालकांनी बशी खाली ठेवून पहिला अहवाल हातात घेतला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. कागदाच्या माथ्यावर केंद्राचं नाव होतं, आणि नावाच्या वर, हाताची घडी घातलेला, जावईबापूंचा हसरा फोटो. रक्ताचं कमीजास्त त्याच्या खाली.

"छान आहे," मालक म्हणाले. जावयाला दुसरं काय म्हणणार? "हे... मला दाखवायचं राहिलं वाटतं."

"सरप्राइज होतं, बाबा!" जावईबापू बाहेरच्या लोकांना शांत करायला गेले.

मालकांनी हळूच दार लोटलं. काकांनी मनात भाषण जुळवायला घेतलं: रुग्णांची गुपितं, विश्वास, जबाबदारी. तेवढ्यात मालकच खुर्ची ओढून जवळ आले.

"काय हो, हा कागद कोणालाच बदलता येऊ नये, असं त्या तुमच्या नियमात लिहिता येतं?"

"येतं."

"घरच्यांना पण?"

"घरच्यांना पण. पासवर्ड असला तरी."

"आणि मला?"

काका चाचरले. "तुम्हालाही अडवील, साहेब. तुमच्यापुरतं मोकळं ठेवू का?"

"छे छे! मला आधी अडवा," मालक म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की बघणाऱ्याला वाटावं, त्यांचाच काहीतरी चांगला अहवाल आलाय. "आणि हे काढायचं नाही. मी गेलो तरी काढायचं नाही."

काकांचं भाषण तोंडातच राहिलं. घरी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं आणि जरा हिरमुसून म्हणाले, "पहारा रुग्णांसाठी ठेवला असता तर बरं वाटलं असतं."

"राहिला ना?" काकू म्हणाल्या. "देव कोणाच्या हातून काय करून घेईल, त्यात आपण कारणं कशाला तपासायची?"

दुसऱ्या दिवशी कागदावर जुनंच नाव होतं, बिनफोटोचं. जावईबापू भर दुपारी लाल होऊन मालकांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे काकांना सगळं ऐकू आलं.

"बाबा, मला माझीच फाइल ठेवता येत नाही! तुम्ही सांगा ना त्यांना!"

"अरे, काय सांगू?" मालकांच्या आवाजात अपार दुःख होतं. "मलासुद्धा अडवतं ते."