सुई सांगेल तो देश

पुलगाव न सोडता ज्यानं अर्धी पृथ्वी पालथी घातली असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या स्टेशनचे मालबाबू. मालधक्क्यावर रुईच्या गाठी मोजून घ्यायच्या, त्यांच्यावर ठिकाणाच्या चिठ्ठ्या डकवायच्या आणि मालगाडीच्या वाघिणीला सील ठोकायचं, यात त्यांची सारी नोकरी गेली. रेल्वेचा फुकट पास त्यांना दरवर्षी मिळे आणि दरवर्षी वाया जाई, कारण प्रवासाचं नाव काढलं की ते विषय बदलत. सासुरवाडी हिंगणघाटची. पण तिथं जायला वर्ध्याला गाडी बदलावी लागते, एवढं कारण त्यांना न जायला पुरत असे. सारं स्टेशन त्यांना काकाजी म्हणे. मी तेव्हा नवा बुकिंग क्लार्क, शेजारच्या क्वार्टरमध्ये एकटा राहणारा आणि काकूंच्या हातचं जेवणारा, तेव्हा मीही काकाजीच म्हणू लागलो.

त्यांचं वाहन म्हणजे त्यांचा रेडिओ. स्वातंत्र्याच्या सुमारास विलायतेला परतणाऱ्या कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी तो उचलला होता. तो इतका थोरला होता, की त्याला जागा करायला घरातली एक खाट बाहेर काढावी लागली, आणि त्यावर कोण झोपत असे हे काकूंनी मला अनेकदा ऐकवलं आहे. रेडिओच्या दर्शनी काचेवर परदेशी शहरांची नावं छापलेली होती, मागून पिवळा दिवा लागे आणि नावांवरून सुई फिरे. सुई ज्या नावावर उभी, तिथलं गाणं, असा काकाजींचा सिद्धांत होता. आम्हालाही तो पटला होता. घड्याळाचा काटा पाचावर असला की पाच वाजले असंच आपण समजतो, त्यातलंच ते.

दर रविवारी दिवेलागणीला त्यांच्या ओसरीवर सतरंजी पडे आणि मंडळी जमत. आधी काकाजी त्या देशाची माहिती सांगत, मग सुई लावत. माहितीतही कधी हयगय नसे. एकदा भर मे महिन्यात त्यांनी ओस्लो काढलं. पुलगावचा मे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी काय सांगू! पण काकाजींचा हुकूम सुटला, "बर्फाचा देश हाय. उघड्या आंगानं ऐकाचा नाई." आणि कापड गिरणीतला जॉबर, म्हणजे तिथला मुकादम, घामाच्या धारांत घोंगडी पांघरून शेवटपर्यंत बसला. काकू देशागणिक खायला करीत. म्हणजे चिवडाच, पण समुद्रकाठचा देश असला की मीठ अंमळ जास्त. एकदा प्रागवर सुई असताना चक्क मृदंग-टाळ वाजू लागले आणि भजन सुरू झालं. मी दचकून काकाजींकडे पाहिलं. ते जागचे हलले नाहीत. "पाहा," म्हणाले, "भजन कुठवर पोचलं!" त्या रविवारी सगळे छाती फुगवून घरी गेले. सगळ्यांचं आवडतं शहर मात्र लिस्बन. तिथली एक बाई फार कळवळून गायची. काकू चुलीपाशी बसून ऐकत आणि धुराचं निमित्त करून डोळे पुसत.

गिरणीत साचा, म्हणजे माग, चालवणारा दौलत पूर्वी कुंपणाबाहेर उभा राहून ऐकायचा. काकाजी किती वेळा हाका मारीत, पण तो आत येत नसे. नागपूरला दीक्षा घेऊन आला त्यानंतरच्या रविवारी मात्र तो आपल्या म्हाताऱ्या आईचा हात धरून सरळ सतरंजीवर येऊन बसला. काकाजी सरकून बसत म्हणाले, "या. कधीची वाट पाहून राह्यलो तुमची."

"काकाजी, मायले एक डाव बुद्धाचा देश ऐकवाचा हाय," दौलत म्हणाला.

"बुद्ध त आपल्याच इथचा, बावा."

"ते हाय. पन जिथं घरोघरी त्याचं नाव घेतेत, तो देश दाखवा."

ब्रह्मदेश ठरला. काकाजींनी चष्मा पुसून काच न्याहाळली, तर तिच्यावर रंगून नव्हतंच. काकाजींची निवृत्ती जवळ आलेली, त्यानंतर जबलपूरला मुलाकडे जायचं ठरलेलं. त्या रविवारपासून रोज ड्यूटी सुटली की ते सुई इकडून तिकडे फिरवीत बसत. एका संध्याकाळी मी शेजारीच होतो. किणकिणती वाद्यं थांबली आणि निवेदकानं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की हे रंगून आहे. सुई लिस्बनवर होती.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग काकाजींना कोडं उलगडलं. ती नावं साहेबाच्या मुलखातल्या जवळपासच्या रेडिओ स्टेशनांसाठी छापलेली होती. आपल्याकडे दुरून येणाऱ्या लहरींशी त्यांचा काही संबंध नव्हता; एकाच नावावर आज एक देश लागे, उद्या दुसरा. ओस्लो ओस्लो नव्हतं, प्राग प्राग नव्हतं. काकाजींचा चेहरा इतका उतरला, की मला पाहवेना.

"जाऊ द्या, काकाजी," मी म्हणालो, "कुणाला कळणार आहे? आता निघायचंच आहे तुम्हाला. जाता जाता कशाला सांगता? हसतील लोक."

"हसू दे नं. गाठीले चुकीची चिठ्ठी लागली त आपन तार करून गाठ वापस बोलावतो का नाई? हे त मानसं हायेत."

शेवटच्या रविवारी ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. काकाजींनी उभं राहून, काही न लपवता सगळं सांगितलं. मग जॉबर म्हणाला, "म्हंजे मी घोंगडी काऊन पांघरली होती?" आणि इतका मोठा हशा पिकला, की काकाजीही हसले. हसणं ओसरलं तसा दारातून काकूंचा आवाज आला, "मंग ते बाई रडून राह्यली होती, ते कुठची?"

काकाजींनी काचेवरच्या लिस्बनवर बोट ठेवलं आणि उचललं. "मले नाई माहीत," ते म्हणाले.

"काकाजी, लावा तुमी," दौलत म्हणाला. "सुई कुठंबी असू द्या."

रंगून लागलं. काकाजी त्या दिवशी माहितीचा एक शब्द बोलले नाहीत. वीणेसारखं काहीतरी वाजत होतं, मधूनच झांजेचा नाद. दौलतच्या आईनं हात जोडले आणि हळूच विचारलं, "हे पक्कं नं, काकाजी?"

"हे पक्कं, माय."

गाणं संपल्यावर ते आमच्याकडे वळले. निरोपाचं भाषण त्यांनी तयार केलं असावं, पण ते कुठल्या कुठे गेलं. "मी तुमाले कुठं कुठं नेलं ते मलेच ठाऊक नाई," एवढंच म्हणाले, "पन तुमी आले. दर डाव आले." माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि आसपास कोण पाहतं याची मला पर्वा वाटली नाही.

कुणी उठेना. जॉबरनं सवयीनं विचारलं, "काकाजी, पुढल्या आयतवारी कुठं?" आणि विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो खाली मान घालून सतरंजीचे दोरे ओढत बसला. काकाजींनी रेडिओचं बटण फिरवलं, आणि तो गप्प झाल्यावरही आम्ही सगळे कितीतरी वेळ त्याच्याकडे तोंड करून तसेच बसून राहिलो.