टेकडीवरचे चार दिवस

बायको गेली तो मंगळवार होता. सकाळी नळ आला. तिनं पिंप भरलं, हंडे भरले, कळश्या भरल्या, माठ धुऊन भरला. नंतर ती ओट्याला टेकून बसली आणि उठली नाही. दिवसभर घरी माणसं येत राहिली. त्यांना तेच पाणी पुरलं.

आमच्या जाफराबादेत नळ रोज येत नाही. आला की घरातलं रिकामं भांडं शोधायचं आणि ते भरायचं, एवढंच काम असतं. या घरात ते तिनं केलं. मी त्या वेळात एखादं पुस्तक घेऊन अंगणात बसायचो, म्हणजे पायात पाय येत नसे. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली आणि घरीही माझा बहुतेक वेळ त्याच संगतीत गेला.

निवृत्त झालो तेव्हा मुलीनं आम्हाला कोकणात पाठवायचं ठरवलं. ती पुण्याला असते. फोनवर तिनं विचारलं, "बाबा, समुद्राच्या अगदी काठावर खोली घेऊ का?" मी म्हणालो, गर्दी नको, शांत जागा बघ. तिच्या आईला कोणी विचारलं नाही. ती शेजारी बसून मेथी निवडत होती.

त्यामुळे आम्ही टेकडीवरच्या हॉटेलात उतरलो. हॉटेल म्हणजे आठ खोल्यांची कौलारू चाळ आणि पुढे लांब पडवी. गाडी वरपर्यंत येत नव्हती. खालच्या रस्त्यापासून जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढून यावं लागे. एकशे बारा, असं तिनं पहिल्याच चढणीत मोजून सांगितलं. पायऱ्यांमुळेच तिथं फारसं कोणी येत नसावं. दिवाळीनंतरचा आठवडा, खाली किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही, आणि वर आम्ही दोघंच. झाडांमधून समुद्राचा एक तुकडा दिसायचा. माणसांचा गलका वर येईपर्यंत विरून जायचा. मला हवं होतं ते अगदी तसंच होतं.

पहिल्या संध्याकाळी मी पडवीतल्या झोपाळ्यावर टेकलो आणि न्हाणीतून पाण्याचा आवाज सुरू झाला. बराच वेळ झाला तरी थांबेना. जाऊन पाहिलं तर तिनं दोन्ही बादल्या भरल्या होत्या, तांब्या भरला होता, प्रवासातल्या बाटल्या भरल्या होत्या. आता ती कचऱ्याची कोरी बादली विसळत होती.

"अगं, हे काय करतेस?"

"भरून ठिवते. सकाळी गेलं म्हंजे?"

हॉटेल चालवणाऱ्या बाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातून हसल्या. "काकी, इथलं पाणी जात नाही हो. विहीर काठोकाठ आहे."

"तुमची विहीर भरलेली ऱ्हावो बाई," ही म्हणाली, "पण भरून ठिवलेलं काय खायला मागतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईंनी खोली झाडताना सगळं पाणी मोरीत ओतून दिलं. ही दारातच थबकली. "सगळं ओतलं?" एवढंच म्हणाली. कोणी ताटातलं अन्न उकिरड्यावर टाकावं तसा तिचा चेहरा झाला. त्यानंतर रोज ती बाईंच्या आधी उठायची आणि रात्रीच्या बादल्या बाहेरच्या जास्वंदीला घालायची. जास्वंदीला त्याची काही गरज नव्हती. जमीन ओलीच होती. पण बाईंनी तिला अडवलं नाही. उलट म्हणाल्या, "आमच्या झाडांचे एवढे लाड कोणी केले नव्हते, काकी." आपल्याला 'काकी' म्हणतात याचं हिला भारी कौतुक. आमच्याकडे सगळे 'काकू' म्हणतात.

तिला खाली जायचं होतं. आम्ही दोघांनी मिळून समुद्रात पाय भिजवायचे, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती तिनं प्रवास सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवली होती. पहिल्या दिवशी मी म्हणालो, दमलोय. दुसऱ्या दिवशी म्हणालो, आज रविवार, गर्दी असेल. ती पडवीच्या कठड्याशी उभी राहून खाली बघत राहायची आणि मला बातम्या द्यायची.

"उंट आलाय हो."

"कोकणात कुठला उंट?"

"मी काय खोटं बोलून राह्यले का? या, बघा. लेकरं बसून राह्यलीत त्याच्यावर." मी उठलो नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "राजूरच्या गणपतीला चतुर्थीला असती ना, बराबर तशी गर्दी हाय."

"मग तीच गर्दी बघायला इतक्या लांब कशाला यायचं?"

"राजूरला सगळे ओळखीचे असत्यात," ती म्हणाली.

मी पान उलटलं. मला वाटलं, तिला करमत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरून आणलेले शेवटचे धपाटे खाल्ले, शेंगदाण्याची चटणी संपवली. जेवण झाल्यावर खाली जायचं का, हे तिनं विचारलं नाही. मला तेव्हा ते बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारची बस होती. सकाळीच तिनं पिशव्या भरल्या, जास्वंदीला पाणी घातलं आणि जाण्यासाठी ठेवलेली साडी नेसली. मग चपला घालत म्हणाली, "तुम्ही वाचा. मी येते जाऊन."

मी तिला उतरताना पाहिलं. उजवा गुडघा दुखायचा, म्हणून ती एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची घ्यायची. वळणापाशी झाडाला धरून थांबली. मी हातातलं पान पूर्ण केलं. हे लिहायला नको वाटतं, पण मी ते पान पूर्ण केलं आणि मगच उठलो.

ती पाण्यापासून चार हातांवर उभी होती, चपला हातात धरून. तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं पाण्यात जात-येत होती.

"का थांबलीस?"

"तुमची वाट बघून न्हाई राह्यले काही. चपला कुठं ठिवाव्या ते बघते."

मी तिच्या चपला घेतल्या, माझ्या काढल्या आणि चारही एका हातात धरल्या. दुसरा हात तिनं धरला. आमच्या गावात बाजारातून जाताना मी पुढे आणि ती चार पावलं मागे, असंच चालायचो. कोणी सांगितलेलं नव्हतं, तशीच रीत पडली होती. चारचौघांत तिनं माझा हात कधीच धरला नव्हता.

"अगं, लोक आहेत," मी म्हणालो.

"हायेत की. पण त्यात आपलं कोण हाय?"

एक लाट आली, तिच्या साडीचा काठ भिजला. ती खच्चून हसली. इतकं मोठ्यानं हसताना मी तिला घरी कधी ऐकलं नव्हतं. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक फोटोवाला जवळ आला. "काका, जोडीनं फोटो काढू?"

"काढा, पण जल्दी," ती म्हणाली. "ह्यांचा विचार बदलायच्या आत."

मी नको म्हणालो. हात धरलेला फोटो घरी कोण कोण बघेल, हे माझ्या मनात आलं. तिनं ओळखलं. "राहू द्या, भाऊ," असं त्याला म्हणाली. पण हात सोडला नाही.

पायऱ्या चढताना आम्ही शेजारी शेजारी चढलो, कारण तिला आधार लागत होता. निम्म्यावर थांबून ती म्हणाली, "पुढच्या साली येऊ तवा पहिल्याच दिवशी खाली."

"पहिल्याच दिवशी," मी म्हणालो.

पुढचं साल यायच्या आत तो मंगळवार आला.

आता वाटतं, तिला गर्दीच हवी होती. ज्या गर्दीत आपल्याला कोणी ओळखत नाही, तिथं ती मला शेजारी घेऊन चालणार होती. मी मला हवी तशी शांत जागा निवडली आणि चारातले तीन दिवस तिला तिथं बसवून ठेवलं. मुलगी म्हणते, बाबा, आई तिथून आल्यावर किती खूश होती, तिनं शेजारच्या सगळ्या बायकांना उंटाचं सांगितलं. तेही खरं आहे. मला ती पडवी आजही आवडते. डोळे मिटले की झोपाळ्याची कडी वाजते आणि कठड्याकडून आवाज येतो, या, बघा.

समुद्रावरच्या त्या सकाळचा फोटो नाही. पिंप, हंडे, कळश्या आणि माठ आहेत. नळ आला की मी पुस्तक बाजूला ठेवतो आणि सगळी भांडी भरतो. एकट्याला एवढं पाणी लागत नाही. उरलेलं मी अंगणातल्या जास्वंदीला घालतो.