कोंडिबा मिस्त्रींची खूण

किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. चौसाळ्याजवळ चिकटवलेल्या लाकडाचं छप्पर उभारायला घ्या, रोज एखादा आपणहून दारात येऊन बसतो!

काम होतं मुलींच्या अभ्यासिकेचं. पोरी पत्र्याच्या शेडमध्ये घामाघूम होऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायच्या. निवृत्त शिक्षक गायकवाड गुरुजींनी मला, म्हणजे इंजिनिअरबाईला, विचारलं, "स्लॅबवर मारायला पाणी कुठंय? टँकर प्यायला पुरंना. लाकडाचं जमतंय का? झाड परत लावता येतं."

मी हो म्हटलं. अडचण एकच. गावचे जुने सुतार कोंडिबा मिस्त्री यांनी तुळईवर पटाशीनं खूण मारल्याशिवाय त्या छपराखाली गावात कुणी बसत नाही. खूण नाही, तर पोरी शेडमध्येच!

*

तुळई ट्रकमधून उतरली. मिस्त्रींनी टकटक केलं, वास घेतला. "एवढं लांब झाड कुठलं वो?"

"झाड नाही, फळ्या चिकटवल्यात."

"तुकडे जोडले? म्या असं केलं असतं तर बापानं जेवाया दिलं नसतं!"

*

"आग लागली तर?"

मी म्हटलं, जाड लाकूड वरून कोळसा होतं, आतलं टिकतं. लगेच एक जाडजूड तुकडा चहावाल्याच्या चुलीत! अर्ध्या तासानं मिस्त्रींनी कोळसा तासला, आत पिवळंधमक लाकूड. मी खूश. चहावाला भडकला, "कसलं सरपण हाय हे, चहाला उकळी येईना!"

*

मग वाळवी. औषध मुरवलेला तुकडा मिस्त्रींनी वारुळाशेजारी पुरला, जागा कळावी म्हणून खुंटी रोवली. दोन महिन्यांनी मी गेले, तर मिस्त्रींचं अख्खं परसदार खणलेलं!

"तुकडा घावंना, म्याडम. खुंटी वाळवीनं खाल्ली!"

शेवटी सापडला, अगदी धड. तरी मिस्त्री खुणेचं नाव काढेनात. मला रडू यायचं बाकी होतं.

*

तुळई वर चढली. दिवसभर वाळूची पोती टांगली, ती जागची हलली नाही. पोरी पुस्तकं छातीशी धरून बाहेर उभ्या. गुरुजी कळवळून म्हणाले, "मिस्त्री, आता तरी खूण मारा!"

"कवाच मारली की."

मी शिडीवर चढले. वरच्या अंगाला पटाशीची खूण होती आणि तिच्यावर पॉलिश वाळलेलं. पॉलिश तर तुळई उतरली त्याच आठवड्यात मारलं होतं!

मी वरूनच ओरडले, "मग ती चूल, ते खणलेलं परसदार, हे कशासाठी?"

मिस्त्रींनी निवांत बिडी पेटवली.

"लाकूड पहिल्याच दिवशी पटलं व्हतं, म्याडम. परीक्षा तुमची चालली व्हती!"