गोम चावलेलं बोट

पांडेसऱ्यातल्या एका खोलीच्या दवाखान्यात तो माझ्या शेजारी बसला होता. साड्या रंगवायच्या मिलमधला कामगार, दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. गमबुटात हात घालताना आत दडलेली गोम बोटाला चावली होती. मी साध्या सर्दीने कण्हत होतो. तो बोट उभं धरून नुसता घाम पुसत होता.

नवीन डॉक्टर हात बघून दचकले. "विष एवढं वर चढलं?"

त्याने दुसरा हात पुढे केला. "साहेब, हा मिलचा रंग आहे. रविवारी जरा फिका होतो."

डॉक्टरांनी समजावलं, की गोमेचं विष दुखणं मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसांनाच डिवचतं. जखम टाचणीएवढी, पण आग निखाऱ्याची. "बोट बधिर करायचं इंजेक्शन देतो."

"नको साहेब. मिलच्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने ते कधीचं बधिर झालंय. चहाचा ग्लास गरम की गार, तेही कळत नाही. किती दिवसांनी दुखतंय आज."

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत थांबेल."

त्याचा चेहरा उतरला.