सासूबाई, कावळे आणि माझं कॉन्ट्रॅक्ट

प्रश्नोत्तरं सुरू झाली. सत्तरी ओलांडलेले कोबायाशी-सान उठले आणि त्यांनी खिशातून एक फोटो काढला.

"सेन्सेई," ते मला म्हणाले, "कावळ्यांना खायला घालू नका, असं तुम्ही तासभर सांगितलंत. मग ही बाल्कनी कोणाची?"

फोटोत बाल्कनी होती. कठड्यावर स्टीलची ताटली, ताटलीभोवती कावळे आणि मागे वाळत घातलेली जांभळी साडी. त्या काळी तोक्योच्या एदोगावा भागात साडी वाळत घालणारं घर शोधावं लागे. इथे तेवढेही कष्ट नव्हते, कारण तीच साडी नेसून आमच्या सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सगळा हॉल त्यांच्याकडे बघायला लागला. सासूबाईंनी सगळ्यांना नमस्कार केला.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याच्या नोकरीमागे मी तोक्योत आले होते. माझी झूलॉजीची एम.एस्सी. बॅगेच्या तळाशी पडून होती. ती झटकून मी एका निसर्गकेंद्रात अरुबाइतो, म्हणजे पार्टटाइम काम, मिळवलं होतं. लोकांसमोर पक्ष्यांविषयी बोलायचं. मला ते काम फार आवडायचं. घराबाहेर मला कोणीतरी 'सेन्सेई', म्हणजे शिकवणाऱ्या बाई, म्हणत होतं.

आमचे बॉस साकामोतो-सान. कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. ते म्हणाले होते, "कावळ्यांचं लेक्चर सुरळीत झालं तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट करू. रहिवाशांची तक्रार आली, तर जरा..." पुढे ते बोललेच नाहीत. जपानी ऑफिसात 'जरा' म्हणून कोणी थांबलं, की आपण आपलं टेबल आवरायला घ्यायचं असतं.

विषय तापलेला होता. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या जाऊन आरपार दिसणाऱ्या आल्या होत्या. आता आतलं माशाचं डोकं कावळ्याला वरूनच दिसायचं. आमच्या धंद्यात याला 'फूड सोर्स' म्हणतात. म्हणजे फुकट खायची जागा. उपाय साधे: पिशव्यांवर जाळी टाका आणि हाताने खाऊ घालू नका. मी हे स्लाइड्स दाखवून सांगितलं होतं आणि लोक माना डोलवत होते. कोबायाशी-सान उठेपर्यंत.

"आई, बाल्कनीत काय ठेवत होतात?" मी मराठीत विचारलं.

"पान," त्या म्हणाल्या. "पितृपक्ष नाही का? तू कामावर गेलीस की ठेवायचे."

"पण बाबांची तिथी एकच दिवस होती ना?"

"हो, पण इथले कावळे किती गुणी! हाक मारायच्या आत हजर. म्हटलं, यांचं झालं, आता माझ्या माहेरच्यांचंही करून घेऊ. काल आक्काला वाढलं."

घरातला तांदूळ भराभर संपतोय हे माझ्या लक्षात आलं होतं. पण सासूबाईंच्या भुकेची चौकशी सुनेने कशी करायची?

साकामोतो-सान छताकडे बघत होते. थाप मारायला जागा नव्हती. मी जपानीत सांगितलं: या माझ्या सासूबाई. वर्षातून एकदा आमच्याकडे गेलेल्या माणसांसाठी स्वयंपाक करतात आणि कावळ्याला वाढतात. कावळा जेवला की ते माणूस तृप्त झालं असं समजतात. सासरे जाऊन तीन वर्षं झाली.

कोबायाशी-सान अजून उभेच होते.

"कावळा लगेच आला का?" त्यांनी विचारलं.

मी मराठीत विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "पुण्यात दीड तास ताटकळत ठेवलं होतं हो यांनी. सगळं कबूल करून झालं तरी येईनात. इथे ताटली टेकवायची खोटी!"

मी ते जपानीत सांगितलं आणि मागच्या रांगेतल्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. कोबायाशी-सान हसले नाहीत. त्यांनी फोटो खिशात ठेवला.

"मी परवा ओहिगानला बायकोच्या थडग्यावर ओहागी ठेवून आलो," ते म्हणाले. ओहिगान म्हणजे तिकडचे गेलेल्यांचे दिवस आणि ओहागी म्हणजे भाताचे गोड गोळे. तेही सप्टेंबरातच. "दरवर्षी कावळा ते पळवतो. दरवर्षी मी त्याला छत्री घेऊन हाकलतो." मग त्यांनी हळूच विचारलं, "सेन्सेई, माझं चुकलं का?"

माझ्या एम.एस्सी.त हे कुठल्याच पेपरला नव्हतं. मी प्रश्न सासूबाईंना सांगितला.

"त्यांना म्हणावं, एकाला खाऊ द्या," सासूबाई म्हणाल्या. "मग लगेच उचला. बाकीचे कावळे काही आपल्या घरचे नव्हेत."

मी शब्दन् शब्द सांगितलं. कोबायाशी-सान कमरेत वाकले. सासूबाईही वाकल्या. मग ते पुन्हा वाकले, मग या. साकामोतो-साननी टाळ्या वाजवून तो प्रकार थांबवला.

तक्रार आली नाही. उलट त्या गल्लीत पिशव्यांवर जाळी पसरायचं काम कोबायाशी-साननी स्वतःकडे घेतलं. सासूबाईंनीही ताटली एका कावळ्यावर आणली. दुसरा उतरला की त्या त्याला मराठीत हाकलायच्या.

पुढच्या आठवड्यात साकामोतो-साननी नव्या कॉन्ट्रॅक्टवर शिक्का मारला, पण कागद हातातून सोडला नाही.

"पुढचा विषय बदकं," ते म्हणाले. "बदकांशी तुमच्या घरच्यांचं काही नातं?"

"नाही."

"नक्की?"

"घरी विचारून सांगते," मी म्हणाले. तेव्हापासून कुठल्याही लेक्चरआधी मी स्लाइड्स नंतर तपासते, आधी आमची बाल्कनी.